‘डीडॉस संरक्षण असावे’ या एका ओळीने भागत नाही : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

डीडॉस म्हणजे असंख्य यंत्रांकडून एकाच वेळी मारा करून साइट बंद पाडण्याचा हल्ला. सरकारी साइटच्या होस्टिंगच्या निविदेत ‘डीडॉस हल्ल्यापासून संरक्षण असावे’ एवढेच लिहिले, तर ठेकेदार सर्व्हरपुढे फायरवॉल, म्हणजे येणारी वाहतूक तपासणारी यंत्रणा, बसवतो आणि अट कागदावर पूर्ण होते. पण लाइन १ जीबीपीएसची (सेकंदाला १ गिगाबिट) आणि मारा १० जीबीपीएसचा असेल, तर ती फायरवॉलच्या अलीकडेच तुंबते. रस्ताच अडला, तर दाराशी पहारेकरी उभा करून काय होणार? मग डेटा सेंटर शेजारच्या ग्राहकांना वाचवायला तुमच्या आयपीकडे, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरील पत्त्याकडे, येणारे सगळेच टाकून देते. साइट बंद पडते, म्हणजे हल्लेखोराला हवे तेच होते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर १.३५ टीबीपीएसचा (१,३५० जीबीपीएस) मारा झाला. इंटरनेटवर उघडे राहिलेले मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवणारे) सर्व्हर त्यासाठी वापरले होते. पाठवलेल्या एका बाइटमागे ते ५१ हजार बाइटपर्यंत उत्तर देत. तरी सुमारे १० मिनिटांत गिटहब सावरले, कारण सगळी वाहतूक अकामाई या कंपनीच्या, हल्ल्याची वाहतूक वेगळी काढणाऱ्या गाळणी केंद्रांकडे वळवता आली. म्हणून निविदेत आकडे हवेत : किती जीबीपीएस गाळणार, किती मिनिटांत सुरुवात करणार, आणि हल्ल्याच्या वाहतुकीचे बिल सरकारला लागणार नाही ना.

सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती ठेवून मूळ सर्व्हरऐवजी उत्तर देणारे सर्व्हरांचे जाळे, घेतले तरी एक चूक सर्रास होते. मूळ सर्व्हरचा आयपी जुनाच राहतो. जुन्या डीएनएस नोंदींत (साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेत), त्याच सर्व्हरवरून जाणाऱ्या ईमेलच्या हेडरमध्ये किंवा ‘टेस्ट’ नावाच्या विसरलेल्या सबडोमेनवर तो कुणालाही सापडतो. मग हल्ला सीडीएनला वळसा घालून थेट सर्व्हरवर येतो. सीडीएन सुरू झाल्यावर आयपी बदलावा, सर्व्हरने फक्त सीडीएनच्या आयपींकडूनच विनंत्या घ्याव्यात, आणि ईमेल वेगळ्या सर्व्हरवरून पाठवावे.

हल्ल्याचा दुसरा प्रकार जास्त छुपा असतो. वाहतूक थोडी असते, पण प्रत्येक विनंती डेटाबेसला कामाला लावते. गट नंबरवरून शोध, अर्जाची स्थिती, ओटीपी ही पाने नेमकी तशी आहेत. ओटीपीच्या पानावरच्या माऱ्यात तर प्रत्येक एसएमएसचे पैसेही सरकारच भरते. पत्त्यापुढे ‘?क्ष=७३१’ असे काहीही जोडले की कॅशही (साठवलेली तयार प्रत) चुकवता येते; म्हणून असे अनोळखी पॅरामीटर सीडीएनवरच गाळायला सांगावेत.

इथे एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘एका आयपीला सेकंदाला ५ विनंत्या’ अशी सरसकट मर्यादा घालू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मोबाइल कंपन्यांच्या सीजीनॅट या आयपी वाटून घेण्याच्या पद्धतीमुळे असंख्य फोन एकाच आयपीमागे असतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी अशी मर्यादा हल्लेखोराआधी विद्यार्थ्यांनाच बाहेर ठेवील. मर्यादा सेशन (एका वापरकर्त्याची एक भेट) आणि अर्ज क्रमांकावर लावावी, आयपीवरची बरीच सैल ठेवावी. निकाल तर आधीच तयार असतो. बैठक क्रमांक आणि आईचे नाव मिळून बनणाऱ्या पत्त्यावर प्रत्येकाचे स्थिर पान सीडीएनवर ठेवले, तर डेटाबेसला हात लावायची वेळच येत नाही.

डीएनएस दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडे ठेवावे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (हल्लेखोराच्या ताब्यातील उपकरणांच्या जाळ्याने) डाइन (Dyn) ही एकच डीएनएस कंपनी पाडली आणि ट्विटरसारख्या धडधाकट साइट उघडेनाशा झाल्या.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा हल्ल्याची माहिती ६ तासांत द्यावी लागते आणि लॉग (सर्व्हरवरील घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. ही माहिती कोण देणार, रात्री फोन कुणाला करायचा, हे करारात पदानिशी लिहावे. होस्टिंग कंपनीच्या लेखी संमतीने वर्षातून दोनदा सराव हल्लाही करून पाहावा.

आणि ‘परदेशी आयपी बंद’ हा तोडगा कृपया कायमचा वापरू नये. बॉटनेटमधले राउटर आणि कॅमेरे भारतातही आहेत, त्यामुळे हल्ला तेवढ्याने थांबत नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून गावच्या जमिनीचा सातबारा पाहू इच्छिणाऱ्याला मात्र कोरे पान दिसते.

आपले,
संकेतस्थळांची देखभाल करणारे तंत्रज्ञ