खेळ सुटतो कधी, तेही छापा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जवळ आला की पाहुण्यांची यादी छापून येते, उद्घाटनाचे फोटो येतात, पद्मपाणी पुरस्काराची बातमी येते. २०२४ मध्ये तो जावेद अख्तर यांना मिळाला, २०२५ मध्ये सई परांजपे यांना. हे सगळं यायलाच हवं. पण रोजच्या वेळापत्रकात पडदा क्रमांक, चित्रपटाचं नाव आणि सुरू होण्याची वेळ एवढंच असतं. चित्रपट किती मिनिटांचा आहे, हा रकाना नसतो. बीड-लातूरहून पदरचे पैसे मोडून येणाऱ्या प्रेक्षकाचं निम्मं नियोजन त्या एका रकान्यावाचून कोलमडतं.

सकाळी १० चा खेळ धरा. चित्रपट ९४ मिनिटांचा असेल तर ११ वाजून ३४ मिनिटांनी सुटतो. १२८ मिनिटांचा असेल तर १२ वाजून ८ मिनिटांनी. आपल्या अंकात दोन्हींपुढे फक्त १० लिहिलेलं. आता साडेबाराला दुसऱ्या पडद्यावर गाजलेला चित्रपट असेल तर त्याची रांग बाराला लागणार. पहिल्या खेळातला माणूस चहा पिऊन रांगेत पुढे उभा राहतो. दुसऱ्यातला शेवटच्या दृश्यात अंधारात उठतो, ओळीतल्या आठ-दहा जणांचे गुडघे चेपत बाहेर पडतो आणि तरी दारातून परत फिरतो. त्याचे दोन्ही चित्रपट हुकले.

शिवाय नुसती लांबी मिळवून भागत नाही. खेळाआधी पाच-दहा मिनिटं प्रास्ताविकात जातात. दिग्दर्शक हजर असेल तर नंतरची प्रश्नोत्तरं १५-२० मिनिटं चालतात, आणि ती सोडून उठणं म्हणजे जेवणावळीत गोड वाढायच्या वेळी पानावरून उठणं. म्हणून हिशेब असा करावा : चित्रपटाची लांबी अधिक एक तास. या एका तासात प्रास्ताविक, चर्चा, स्वच्छतागृह आणि पुढची रांग बसते. १०० मिनिटांचा चित्रपट १० ला सुरू होत असेल तर पुढचा १२ वाजून ४० मिनिटांच्या आधीचा धरू नये. पास गळ्यात आहे म्हणजे जागा आहे, असं नसतं. आधी येईल तो बसेल. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली विद्या इथे चालत नाही.

वेळ घसरण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कळलं तर दारावरच्या स्वयंसेवकांशी होणारी निम्मी भांडणं टळतील. चित्रपट आता रिळांच्या डब्यातून येत नाही. तो डीसीपी नावाच्या कुलूपबंद फाइलींच्या संचात येतो, आणि त्याची डिजिटल किल्ली, जिला प्रोजेक्शनवाले केडीएम म्हणतात, ती वेगळी येते. ही किल्ली त्या एकाच पडद्याच्या यंत्रणेला लागते आणि ठरवून दिलेल्या मुदतीतच चालते. आयत्या वेळी पडदा बदलला की जुनी किल्ली लागत नाही, नवी मागवावी लागते. ती देणारा माणूस बऱ्याचदा युरोपात असतो. आपल्याकडे सकाळचे १० वाजलेले असताना जानेवारीत पॅरिसला पहाटेचे साडेपाच असतात. तो उठून मेल पाहील तेव्हा किल्ली येणार. तेव्हा सकाळचा खेळ किल्लीपायी अडला असं कळलं तर तिथे ताटकळत न बसता शेजारच्या पडद्यावर जावं. तो घोळ दहा मिनिटांत मिटणारा नसतो.

बहुतेक विदेशी चित्रपटांना मध्यंतर नसतं. टॉकीजच्या सवयीने सामोसा मध्यंतरात खाऊ म्हणणारा दोन तास उपाशी राहतो. आत जाण्याआधी पोटाचं आणि बाकीचं उरकून घ्यावं.

पासबद्दलही दरवर्षी तोच गोंधळ होतो. महोत्सवातले अनेक चित्रपट सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय दाखवले जातात. त्यासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, आणि ती नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती असते. त्यामुळे खिडकीवर एका खेळाचं तिकीट काढायची सोय नसते, आणि प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाला १८ वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत. महोत्सवाचे पडदे मॉलमध्ये असतात. तिथे आलोच आहोत तर पोरांनाही दाखवू, म्हणून येणाऱ्या कुटुंबांचा दारात हिरमोड होतो. हे आधीच्या आठवड्यात ठळक चौकटीत छापावं. नोंदणी घरूनच ऑनलाइन करून ओळखपत्र जवळ ठेवावं. पहिल्या सकाळी पास घ्यायच्या रांगेतच पहिला खेळ जातो.

किती चित्रपट पाहावेत? दिवसाला तीन. चार पाहता येतात, पाचही पाहणारे बहाद्दर आहेत. पण चौथ्यापासून उपशीर्षकं डोळ्यांसमोरून नुसती सरकतात आणि रात्री कोणत्या चित्रपटातली आजी मेली, ते आठवत नाही. पाच दिवसांचे पंधरा चित्रपट पुष्कळ झाले. निवडीची चाळणीही सोपी आहे. महिन्या-दोन महिन्यांत चित्रपटगृहात किंवा मोबाईलवर येणार असलेला भारतीय चित्रपट सोडावा. अपवाद दिग्दर्शक स्वतः बोलणार असेल तर. पुन्हा मोठ्या पडद्यावर बघायला मिळणं कठीण असा विदेशी चित्रपट आधी धरावा. जुन्या चित्रपटांचा सिंहावलोकन विभाग असेल तर रोज त्यातला एक घ्यावा, कारण तिथे गर्दी कमी आणि समाधान जास्त. सुवर्ण कैलास पुरस्काराच्या स्पर्धेतले भारतीय चित्रपट मात्र परीक्षक काय निवडतील याची वाट न पाहता आधीच बघावेत. निकाल लागतो तोवर खेळ संपलेले असतात.

उपशीर्षकं इंग्रजीत असतात, आणि तालुक्याच्या गावाहून पहिल्यांदा येणाऱ्याची खरी धास्ती तीच असते. उपाय एवढाच की पहिल्या दिवशी कमी संवादांचा चित्रपट घ्यावा आणि पुस्तिकेतला गोषवारा आधी वाचून ठेवावा. गोष्ट कळली तर मजा जाईल ही भीती इथे फोल आहे. गोष्ट ठाऊक असली की ओळी वाचण्याची घाई कमी होते आणि नजर चित्रावर राहते. बसायचं मागून तिसऱ्या ते पाचव्या रांगेत, मधोमध. पुढच्या रांगांत मान वर करून ओळी वाचाव्या लागतात, आणि पडदा रुंद असेल तर डोळे डावी-उजवीकडे येरझारा घालत राहतात. अगदी कडेच्या खुर्चीवरून चित्र तिरकं दिसतं, आवाजही एकाच बाजूचा जास्त येतो.

आता लेण्यांकडे. महोत्सवाच्या नावातच अजिंठा-वेरूळ आहे, पुरस्कारांची नावं पद्मपाणी आणि कैलास आहेत, तरी बाहेरगावचा प्रेक्षक मॉल ते लॉज एवढंच शहर पाहून परत जातो. आणि जो थांबतो तो नेमका चुकीच्या वारी थांबतो. हा महोत्सव बुधवारी सुरू होऊन रविवारी संपल्याचं अलीकडे दिसतं : २०२४ मध्ये ३ ते ७ जानेवारी, २०२५ मध्ये १५ ते १९ जानेवारी. समारोप झाला, सोमवारी अजिंठा करू, असं मनात येतं. पण अजिंठा सोमवारी बंद. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी येऊन वेरूळ करू म्हणावं, तर वेरूळ मंगळवारी बंद. म्हणजे उलटं करायचं : आदल्या मंगळवारी अजिंठा, नंतरच्या सोमवारी वेरूळ. हे दोन वार वेळापत्रकाच्या खाली एका ओळीत छापले तरी कित्येकांचा हेलपाटा वाचेल.

अजिंठ्याला पूर्ण दिवस लागतो. शहरापासून अंतर सुमारे १०० किलोमीटर, जायला अडीच तास, यायला तेवढेच. आपली गाडी फर्दापूर फाट्यापर्यंतच. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं, आणि त्या बसच्या रांगेचे अर्धा-पाऊण तास हिशेबात धरावे लागतात. पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र, पहिल्या लेण्यात आहे, गाभाऱ्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला. उन्हातून आत शिरल्या-शिरल्या काहीच दिसत नाही आणि लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. भिंतीपासून लांब, गप्प उभं राहून पाच मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. मग रंग हळूहळू वर येतात. फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

वेरूळ ३० किलोमीटरवर, तासाभराचा रस्ता. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि ऊन दुपारनंतर मूर्तींवर येतं. सोमवारी थांबणं शक्य नसेल तर मधल्या एखाद्या दिवशी सकाळचा एकच खेळ पाहून एकला निघावं. दोन-सव्वादोनला पोचून थेट १६ क्रमांकाचं कैलास गाठावं, आधी खालून, मग शेजारच्या डोंगरकड्यावरून. वरून पाहिल्यावरच कळतं की आठव्या शतकातल्या त्या कारागिरांनी कळसापासून पायाकडे काम उतरवत आणलं. वेळ उरला तर १० क्रमांकाचं चैत्य लेणं. पाचला परत फिरलं तर रात्रीचा खेळ मिळतो. चौतीसच्या चौतीस लेणी त्याच दुपारी बघायचा अट्टहास करणारा दोन्हीकडून जातो.

शहरातली दोन ठिकाणं दुपारच्या मोकळ्या दोन-अडीच तासांत होतात. बीबी का मकबरा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी मात्र ओस असतात. तिथे सातव्या लेण्यात नर्तकी आणि वादक स्त्रियांचा शिल्पपट आहे. एका क्षणावर थांबवलेली हालचाल कशी दिसते हे ज्याला बघायचं आहे त्याने तो चुकवू नये. पायऱ्या दमवतात, पाणी बरोबर न्यावं, आणि अंधार पडायच्या आत उतरावं.

येण्या-जाण्याबद्दल. अलीकडच्या वर्षांत चित्रपट चिकलठाणा एमआयडीसीतल्या प्रोझोन मॉलमध्ये आणि उद्घाटन एमजीएम शिक्षणसंस्थेच्या रुक्मिणी सभागृहात होत आलं आहे. दोन्ही ठिकाणं रेल्वे स्थानकापासून लांब, शहराच्या पूर्वेला. लॉज स्थानकाजवळ स्वस्त पडतो, पण रोज दोन वेळच्या रिक्षात ती बचत जाते, रात्री तर जास्तच. त्यापेक्षा सिडको किंवा चिकलठाण्याकडे खोली बघावी. नांदेड, परभणी, सेलू, परतूर, जालना हे थेट रेल्वेमार्गावर आहेत. त्या बाजूने पॅसेंजरने येणाऱ्याने मुख्य स्थानकापर्यंत न जाता मुकुंदवाडीलाच उतरावं. एसटीने जालन्याकडून येणाऱ्यांना सिडको बसस्थानक सोयीचं. बीड, लातूर, धाराशिवच्या मंडळींना मात्र एसटीच बरी, आणि त्यांनी शेवटच्या दिवशी रात्रीचा खेळ धरून परतीची गाडी गाठायचा जुगार खेळू नये. रात्रीच्या खेळात उशीर साचत गेलेला असतो. जानेवारीतली रात्र थंड असते आणि आत वातानुकूलन. शाल दोन्हीकडे लागते.

खाण्याचं काय सांगावं, मॉलमध्ये पोट भरतं पण खिसा रिकामा होतो. सिडकोतल्या कॅनॉटच्या बाजारात जाऊन यायला तासभर पुरतो. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायचा तर जुन्या शहरात, त्यासाठी सलग दोन तास काढावेत, दोन खेळांच्या मध्ये कोंबू नये. खलिया खाऊन कृष्णधवल चित्रपटाला बसणाऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. हुरड्याचे दिवस असतात. कोणी शेतावर बोलावलं तर एक चित्रपट खुशाल सोडावा.

आपल्याकडे मागणी एवढीच. आपली बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती संध्याकाळीच छापायला जाते, त्यामुळे रात्री झालेले बदल लातूर-नांदेडच्या अंकात येऊ शकत नाहीत, हे आम्ही समजून आहोत. म्हणून रोजच्या तुकड्यांऐवजी पाचही दिवसांचं पूर्ण वेळापत्रक उद्घाटनाच्या आदल्या रविवारी एका पानावर द्यावं, जे कापून खिशात ठेवता येईल. रकाने असे : पडदा, सुरू होण्याची वेळ, लांबी मिनिटांत, सुटण्याची अंदाजे वेळ, भाषा, आणि दिग्दर्शक हजर असल्यास फुली. लांबीचे आकडे महोत्सवाच्या पुस्तिकेत असतातच. लघुपटांच्या एकत्र खेळाला प्रत्येकाची वेगळी लांबी न देता बेरीज द्यावी. आणि जागा कमी पडली तर पाहुण्यांचा एखादा फोटो लहान करावा.

आपले,
सिडको परिसरातील काही चित्रपटप्रेमी वाचक
छत्रपती संभाजीनगर