अर्धवट सोडलेल्या घरांना वाली कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी या जुन्या नागपुरात अनेकांनी घरे नव्याने बांधायला काढली आहेत. त्याला कोणाचीच ना नाही. माती-विटांच्या, कवेलूच्या घरांत आता राहवत नाही, कुटुंबेही वाढली. प्रश्न आहे तो काम मध्येच टाकून दिलेल्या घरांचा. आमच्या गल्लीत असे एक घर आहे. पुढची बाजू पाडली, मागे नवा स्लॅब टाकला आणि भावाभावांत वाटणीवरून बिनसले. ठेकेदार निघून गेला. सेंट्रिंगच्या बल्ल्या जागच्या जागी कुजताहेत.

या घराची आणि आमची भिंत सामायिक आहे. पूर्वी ती त्यांच्या माजघरात होती, आता उघड्यावर आली. त्यांच्या देवळीचा निळा रंग अजून तिच्यावर दिसतो. त्याखालच्या विटांमधली माती दर पावसाळ्यात धुऊन जाते, सांध्यात बोटाचे पेर सहज आत जाते. आम्ही आमच्या बाजूने कितीही गिलावा केला तरी ओल हटत नाही, कारण पाणी पलीकडून मुरते आणि पलीकडे पाय ठेवण्याचा आम्हाला हक्क नाही.

तक्रार केली. एका कार्यालयात सांगितले, काम परवानगी घेऊन सुरू झाले, ते अनधिकृत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितले, स्लॅब नवा आहे, घर जीर्ण म्हणता येत नाही. मालक म्हणतात, दावा कोर्टात आहे. ज्याचे त्याचे म्हणणे कागदावर बरोबर असेलही, पण घर कोणाच्याच फाइलीत बसत नाही आणि त्रास मात्र शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो.

माझे म्हणणे एवढेच, की कायद्यात धागे आहेत, ते कोणी जोडत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे बांधकाम परवानगी मूळ एका वर्षाची असते, पुढे मुदतवाढ मागावी लागते. म्हणजे कोणते काम रखडले हे परवानगीच्या नोंदींतूनच कळू शकते. मुदत संपली, ना मुदतवाढ मागितली ना भोगवटा प्रमाणपत्र, तर त्या घरी जाऊन पाहणे हे कोणाचे तरी ठरलेले काम असायला हवे. महापालिका अधिनियमाचे कलम २६४ कोसळण्याच्या बेतातल्या बांधकामाला लागू होते. भिंत त्या अवस्थेला पोहोचेपर्यंत वाट का पाहायची? शिवाय किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. त्यामुळे फरशी बदलायची म्हणून सुरू झालेले काम आतली भिंत काढण्यापर्यंत जाते आणि त्याची नोंदच कुठे नसते.

डेंग्यूचेही तेच. त्या घरातल्या अर्धवट टाकीत पावसाचे स्वच्छ पाणी साचते आणि डेंग्यूच्या डासाला नेमके तेच लागते. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून उन्हाळ्यात टाकी आटली की धोका टळला असे होत नाही. फवारणीवाले येतात, पण दाराला कुलूप, म्हणून पुढच्या घरी जातात. मलबा नालीत जातो तो वेगळाच. बांधकामाच्या मलब्याबाबत केंद्राचे नियम २०१६ पासून आहेत, तो रस्त्यावर किंवा नालीत टाकता येत नाही.

सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक बघायला लोक मिळेल त्या गच्चीवर चढतात. कठडा नसलेल्या, सळया उघड्या असलेल्या त्या स्लॅबवर पोरे दाटीवाटीने उभी राहतात. हाका मारून खाली उतरवावे लागते.

मालकांवर लगेच दंड लादा असे मी म्हणत नाही. कोणाचे पैसे संपतात, कोणाच्या घरात आजारपण येते. पण मालकी कोणाची हे कोर्ट ठरवेल, तोवर घर सुरक्षित ठेवायला कोर्टाच्या निकालाची गरज नाही. समोर पत्र्याचे कुंपण, टाकीला झाकण, सळयांना टोपणे, सामायिक भिंतीवर गिलावा आणि मलब्याची उचल, एवढे मालकाने ठरावीक मुदतीत करावे. नाही केले तर महापालिकेने करावे आणि खर्च मालमत्ता कराच्या बिलात चढवावा. सामायिक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला लेखी कळवणे दुरुस्तीच्या कामातही सक्तीचे असावे.

दर उन्हाळ्यात पावसाळापूर्व तयारीत नाल्या साफ होतात, जीर्ण घरांना नोटिसा जातात. त्याच वेळी प्रत्येक झोनने रखडलेल्या बांधकामांची यादी करून ती झोन कार्यालयात लावावी, ही आम्हा रहिवाशांची मागणी आपल्या वृत्तपत्रातून महापालिका आयुक्तांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक रहिवासी, महाल, नागपूर