वरच्या ओळीवर तळहात ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्ही पियानोच्या साथीला आला होतात. मला शिकवणं तुमचं काम नव्हतं, त्याचे पैसेही तुम्हाला मिळणार नव्हते. तरी बाख या जर्मन संगीतकाराचा सी मेजर प्रेल्यूड, म्हणजे पियानोवर वाजवतात ती छोटी रचना, मला कळला तो तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

1722 च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ या संग्रहातली ही पहिलीच रचना, शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून जाणारी. ती घेऊन मी याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांतल्या एकांनी प्रत्येक बारखाली (तालाच्या प्रत्येक छोट्या आवर्तनाखाली) तिथला कॉर्ड, म्हणजे एकत्र येणाऱ्या स्वरांचा गट, ओळखून त्याचे रोमन आकडे लिहून घेतले आणि “झालं ॲनालिसिस” म्हणत पान उलटलं. 35 बार, 35 लेबलं. दुसऱ्यांचं म्हणणं, चिरफाड केली की संगीत मरतं, नुसतं ऐकत राहा. मधल्या बारांपाशी मला अस्वस्थ का वाटतं, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर दोघांकडेही नव्हतं, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायचा मोकळेपणाही नव्हता. उलट प्रश्नच बाळबोध ठरला. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही प्रश्न पुरता ऐकून घेतलात. मग नोटेशनच्या वरच्या ओळीवर तळहात ठेवलात आणि म्हणालात, “फक्त सगळ्यात खालचा स्वर गा.”

मी गायले. 21 व्या बारला एफ, 22 व्याला एफ शार्प. आता त्याच्या लगतचा वरचा ‘जी’ हा स्वर येणार असं गळ्यालाच वाटतं, आणि येतो त्याच्याही वरचा ए फ्लॅट. ‘जी’ ओलांडून पलीकडे जायचं आणि मग 24 व्या बारला मागे वळून ‘जी’वर यायचं. तिथून आठ बार बेस, म्हणजे हा खालचा स्वर, जागचा हलत नाही. वर कॉर्ड बदलत राहतात, ताण साचत जातो, आणि 32 व्या बारला ‘सी’ हा घरचा स्वर येतो तेव्हा कुठे श्वास सुटतो.

“इथे ‘जी’ टाळलाय,” असं माझं मला सुचेपर्यंत तुम्ही हात उचलला नाहीत. एक शब्द बोलला नाहीत. घाई असणार तुम्हाला, पण ती तुमच्या चेहऱ्यावर दिसली नाही. ताई, मला सगळ्यात जास्त आठवतो तो हाच न उचललेला हात.

नंतर तुम्ही प्रत्येक बारची नक्षी मिटवून पाचही स्वर एकदम दाबलेत आणि अख्खा प्रेल्यूड नुसत्या कॉर्डमध्ये ऐकवलात. जुन्या काही आवृत्त्यांत त्या उडीच्या जागी एक जादा बार घुसवलेला असतो, हेही तुम्हीच दाखवलंत. श्वेंके या संगीतकाराच्या नावाने ओळखला जाणारा तो बार बेसला ‘जी’ देतो आणि ती ठेच बुजवून टाकतो. फ्रेंच संगीतकार गुनोने याच प्रेल्यूडवर आपली चाल बसवली तीही तो बार धरूनच. म्हणजे ती उडी पूर्वीही कुणाला तरी खुपली होती! माझं अस्वस्थ होणं बाळबोध नव्हतं, याचा इतका भक्कम पुरावा मला कुणी दिला नव्हता.

रोमन आकड्यांशी माझं भांडण नाही. कॉर्ड कोणता हे ते नेमकं सांगतात. तो तिथेच का, हे मात्र बेस गायल्यावर कळतं. ज्ञान असलेली माणसं मला पुष्कळ भेटली. समोरच्याचं उत्तर त्याच्याच तोंडून येऊ देणारी फार थोडी. ही निव्वळ सभ्यता आहे, आणि संगीत शिकवताना ती पदवीपेक्षा मोठी असते असं मी आता ठामपणे म्हणते.

संगीताचे विश्लेषक हाइनरिख शेंकर यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, रचनांचा सांगाडा दाखवणाऱ्या पाच आलेखांत हा प्रेल्यूडही आहे. तो आलेख मी हल्ली बेसपासून वर वाचते, आणि वाचता येतो. पण 23 व्या बारमधल्या ‘सी’ स्वराचं माझं अजून ठरत नाही. तो कॉर्डचाच स्वर, की बी आणि डी यांच्यामधला वाटेवरचा? मला तो वाटेवरचा वाटतो. तुमचं मत वेगळं असेल तर कळवा, मला वाद घालायचाय.

तुमची ऋणी,
त्या दिवशी बेस गाणारी