कॅमेऱ्याच्या जाहिरातीत लाइव्ह व्ह्यूची माहितीही द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर वृत्तपत्रांत डीएसएलआर (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांच्या जाहिराती येऊ लागतात. मेगापिक्सेलचा आकडा ठळक असतो, सोबत बॅग आणि मेमरी कार्ड मोफत, खाली मासिक हप्ता. पहिला कॅमेरा घेणारे विद्यार्थी, लग्नाची कामे सुरू करू पाहणारे तरुण, शाळेसाठी खरेदी करणारे शिक्षक एवढ्यावरच मॉडेल ठरवतात. पण या किमतीच्या कॅमेऱ्यांतला सर्वांत मोठा फरक त्या जाहिरातीत कुठेच नसतो. मागच्या पडद्यावर बघून फोटो किंवा व्हिडिओ घेताना, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये, कॅमेरा फोकस कसा करतो, हा तो फरक.

आधी चित्राच्या दर्जाबद्दल. कॅनन ३०००डी १८ मेगापिक्सेलचा, कॅनन १५००डी २४.१ चा आणि निकॉन डी३५०० हा २४.२ चा. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण १८ वरून २४ वर गेल्याने चित्राची प्रत्येक बाजू जेमतेम १५-१६ टक्क्यांनी वाढते. १२ बाय १८ इंचांचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपक्यांनी) छापायला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. त्याच्या अगदी जवळ १८ मेगापिक्सेलही पोचतात. भरपूर उजेडात, कमी आयएसओवर (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) काढलेल्या जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत) हे तिन्ही कॅमेरे वेगळे ओळखणे कठीण आहे.

फरक दिसतो तो रॉ फाइलमधल्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधल्या) सावल्या उजळताना. खिडकीसमोर उभ्या माणसाचा काळवंडलेला चेहरा संगणकावर वर आणला, तर डी३५०० मध्ये तो बराच स्वच्छ राहतो आणि १५००डी मध्ये नॉइज (दाणेदार ठिपके) लवकर उठतो. मात्र डी३५०० च्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) लो-पास फिल्टर, म्हणजे बारीक तपशील किंचित मऊ करणारा थर, नाही. त्यामुळे तपशील किंचित धारदार येतो, पण खणासारख्या बारीक विणीच्या कापडावर कधीकधी रंगीत लहरी उमटतात. साड्या-कपड्यांचे फोटो काढणाऱ्यांनी हे दुकानातच पाहून घ्यावे.

चित्र सुधारायचे असेल तर पैसे लेन्सवर घालावेत, हे आमचे स्पष्ट मत आहे. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) ५५ मिमीला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. मंगल कार्यालयाच्या उजेडात जिथे किट लेन्सला आयएसओ ६४०० लागतो, तिथे या लेन्सचे काम ८०० च्या आत भागते. एवढा फरक कुठल्याही दोन बॉड्यांमध्ये (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांमध्ये) नाही. निकॉनवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स त्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी असे लिहिलेलीच लेन्स घ्यावी.

आता लाइव्ह व्ह्यू. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) बघताना आरसा खाली असतो आणि प्रकाशाचा एक भाग बॉडीच्या तळाशी असलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो. लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवायची हे त्याला एकदम कळते, म्हणून फोकस झटकन लागतो. लाइव्ह व्ह्यू सुरू केला की आरसा वर जातो आणि त्या सेन्सरला प्रकाशच मिळत नाही. मग १५००डी, ३०००डी, डी३५०० हे कॅमेरे मुख्य सेन्सरवरच्या चित्राची कडा कधी ठळक होते ते लेन्स पुढे-मागे करून शोधतात. कमी उजेडात किंवा सपाट भिंतीसमोर हे शोधणे लांबते आणि पळणारे मूल तोवर निघून गेलेले असते. कॅमेरा बिघडलेला नसतो, ती त्या पद्धतीचीच मर्यादा आहे.

कॅनन २००डी मार्क २ वेगळा आहे. त्याच्या सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन प्रकाशग्राही भाग आहेत, त्यामुळे दिशा आणि अंतराचा अंदाज सेन्सरवरच येतो. कॅननने ही ड्युअल पिक्सेल पद्धत २०१३ मध्ये ७०डी मध्ये पहिल्यांदा आणली. चालत येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर फोकस धरून ठेवणे तिला जमते. पण जाहिरातीत ४के लिहिलेले असते, त्यापायी फसू नये. या कॅमेऱ्यात ४के लावले की ड्युअल पिक्सेल बंद होते, फोकस जुन्या पद्धतीवर येतो आणि दृश्यही बरेच कापले जाते. व्हिडिओ फुल एचडीतच घ्यावा.

पडदा फिरतो आणि स्पर्शाला चालतो म्हणजे लाइव्ह व्ह्यू वेगवान, असेही नाही. निकॉन डी५६०० चा पडदा उत्तम आहे, तरी फोकस शोधण्याची पद्धत डी३५०० सारखीच. या दोन्हींत व्हिडिओचे अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) बदलायचे तर लाइव्ह व्ह्यू बंद करून, बदलून, पुन्हा सुरू करावा लागतो. बाहेरचा माइक लावायची सोय १५००डी आणि डी३५०० मध्ये नाही, डी५६०० आणि २००डी मार्क २ मध्ये आहे. आणि २००डी मार्क २ घेणाऱ्यांनी फ्लॅशची चौकशी आधी करावी. त्याच्या फ्लॅश शूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नाही, त्यामुळे साधे एक-पिनचे फ्लॅश आणि ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारे यंत्र) त्यावर पेटत नाहीत. गावोगावच्या स्टुडिओंतले जुने फ्लॅश बहुतेक तसेच असतात.

लाइव्ह व्ह्यू बॅटरीही खातो. कंपनीच्याच आकड्यांनुसार १५००डी व्ह्यूफाइंडरने एका चार्जवर सुमारे ५०० फोटो काढतो, लाइव्ह व्ह्यूने २४०. २००डी मार्क २ मध्ये हेच आकडे १०७० आणि ३२० आहेत. दुसरी बॅटरी खर्चात धरूनच चालावे.

मंडपातल्या एलईडी दिव्यांखाली पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा परत न्यायची घाई करू नये. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅननमध्ये व्हिडिओ सिस्टिम ‘पाल’ ठेवावी, निकॉनमध्ये फ्लिकर रिडक्शन ५० हर्ट्झवर, आणि दोन्हींत सेकंदाला २५ फ्रेम व शटर १/५० सेकंद घ्यावे. बहुतेक पट्टे जातात. काही स्वस्त एलईडींचे मात्र जात नाहीत.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी आधी तपासणी करावी. लेन्सवर झाकण ठेवून ३० सेकंदांचा फोटो काढावा, जळके पिक्सेल रंगीत ठिपके म्हणून दिसतात. एफ/२२ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ दिसते. कोकणातून येणाऱ्या लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे धागे बघावेत. डी३१००, डी३२०० किंवा डी५१०० स्वस्तात मिळत असेल तर सोबत नवी एएफ-पी लेन्स घेऊ नये, या बॉड्यांवर ती फोकस करत नाही.

नुसते फोटो काढायचे, तेही डोळा लावून, तर डी३५०० चांगल्या स्थितीत मिळाला तर घ्यावा. व्हिडिओ किंवा मुलांचे फोटो पडद्यावर बघून काढायचे असतील तर २००डी मार्क २ ला या गटात तोड नाही. १५००डी शिकण्यासाठी पुरेसा आहे. ३०००डी मात्र थोडे पैसे वाचावेत म्हणून घेऊ नये. त्याचा लेन्स माउंट (लेन्स बसवायची कडी) प्लास्टिकचा आणि पडदा लहान आहे.

आपल्या दैनिकाला विनंती अशी की, कॅमेऱ्यांची तुलना देणारे तक्ते छापताना मेगापिक्सेलशेजारी तीन रकाने वाढवावेत: लाइव्ह व्ह्यूतली फोकस पद्धत, लाइव्ह व्ह्यूवर बॅटरी किती फोटो चालते आणि माइकची सोय. दुकानदारांनीही चार्ज केलेली बॅटरी घातलेला एक कॅमेरा काउंटरवर ठेवावा. ग्राहकाने लाइव्ह व्ह्यू लावून आधी हातभर अंतरावरच्या खोक्यावर, मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर फोकस करून बघावा आणि सोबतच्या माणसाला कॅमेऱ्याकडे चालत यायला सांगून अर्धा मिनिट व्हिडिओ घ्यावा.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर