अर्धशिशीचा असा फायदा नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अर्धशिशी असलेल्या बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी, ही कालच्या पुरवणीतली चौकट वाचली. खरं तर नणंदेनेच सकाळी सकाळी फोनवर वाचून दाखवली. “वहिनी, जन्मभर डोकं धरून बसले त्याचं चीज झालं बघ!” आणि त्याच दमात, “आता ती छातीची तपासणी, मॅमोग्राफी, रद्दच करून टाकते.” चौकट लिहिणाऱ्याने तिची समजूत घालायला अवश्य यावं. चहा मी करीन.

बातमी कालची असल्यासारखी छापलीत. संशोधन 2008 सालचं, अमेरिकेतल्या सिएटलचं. फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने पाळी गेलेल्या सुमारे 3,400 बायकांची माहिती तपासली, तेव्हा अर्धशिशीवाल्यांत हा कर्करोग साधारण 30 टक्क्यांनी कमी दिसला. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक उतरलं की डोकं उठतं आणि या कर्करोगाचे बरेच प्रकार त्याच इस्ट्रोजेनवर पोसतात, म्हणून संबंध असावा, असा तर्क. तर्काला मी नावं ठेवत नाही. पण ते सगळं बायकांना मागचं विचारून काढलेलं. पुढे अमेरिकेतच वर्षानुवर्षं लक्ष ठेवून मोठ्या पाहण्या झाल्या, एकीत तर लाखाहून जास्त परिचारिका होत्या, आणि त्यांत असा संबंध आढळला नाही. एवढी एक ओळ चौकटीत बसली नसती? शेजारी सराफाची अर्धं पान जाहिरात ऐसपैस बसली आहे. खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यायला हवा.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची अर्धशिशी अख्ख्या वाड्याला ठाऊक होती. त्या दिवशी आमच्याकडे कुकर लागत नसे, शिट्टी सोसायची नाही म्हणून. भात पातेल्यात, लसणाची फोडणी बंद. कपाळावर सुंठेचा लेप, वरून ओढणी करकचून बांधलेली, माजघरात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. पाळीच्या आधी हे हटकून. दिवस गेले की मात्र डोकं दोन्ही वेळा शांत. म्हणजे तुमच्या चौकटीतलं गणित त्यांना तंतोतंत लागू. तरी साठीत छातीत गाठ निघाली. आंघोळ करताना हाताला लागली होती, पण दुखत नव्हती. “दुखणं काय असतं ते मला सांगू नका, हे दुखणं नव्हे,” म्हणत त्यांनी आधी दिवाळी उरकली, मग नातवाची मुंज. असल्या गाठी बहुतेकदा दुखत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. अर्धशिशी तेवढी राहिली.

बाकी, अर्धशिशीवाल्यांचा आपल्याला एवढा कळवळा आहे, तर नदीपात्रातल्या ढोल-ताशांच्या सरावावरही एखादी चौकट येऊ द्या. गणपती लांब असतात तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. दारं-खिडक्या लावून अंधारात पडावं, तर ठोका उशीतून ऐकू येतो. परंपरेबद्दल मला आदर आहे, कानाच्या पडद्याबद्दलही आहे. याविषयी गेल्या वर्षी पत्र पाठवलं होतं. ते आपल्याला मिळालं नसावं. पथकांचे रंगीत फोटो मात्र वेळेवर पोहोचले होते.

कळावे,
एक जुनी वाचक,
नारायण पेठ, पुणे