बाबा, दादाशी तुम्हीच बोला

बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अमेरिकेतल्या दादाच्या रायफल खरेदीचा विषय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "घेऊ दे की त्याला रायफल. आपल्या घरात नाही काय बंदूक?" तेवढ्यात रेंज गेली. जांबोटीकडे पावसात हे असंच चालायचं, म्हणून लिहूनच पाठवते.

बाबा, तुमची बंदूक ठासणीची. दारू ओतायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचं, मग एक बार. तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुकरं बांधापलीकडे. आणि तेवढ्यासाठीसुद्धा तुम्ही डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात किती खेटे घातलेत! पोलिसांचा रिपोर्ट, नूतनीकरण, वर प्रत्येक निवडणुकीला बंदूक स्टेशनात जमा करून पावती घ्यायची. उसात डुकरं शिरलेली असताना बंदूक ठाण्यात पडून राहते, हा तुमचा राग मला पटतो. पीक राखणाऱ्याला तिथे सवलत मिळायलाच हवी. पण बंदूक कुणाला, कशासाठी, कसली, हे विचारणारा कायदा आपल्याकडे आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे. स्वयंचलित हत्यारं मात्र प्रतिबंधित आहेत. २०१९ मध्ये तर माणशी तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील, असंही झालं.

दादा टेक्सासात घ्यायला निघालाय ती एआर-१५. अमेरिकी लष्कराची एम-१६ याच घराण्यातली. दुकानात मिळणाऱ्या रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, एवढाच काय तो मोठा फरक. पुढची गोळी आपोआप चढते, आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीत, तीस मावतात. बोट चालेल तितक्या वेगाने माणूस ती रिकामी करू शकतो.

काकांनाच विचारा ना. मराठा लाइट इन्फंट्रीत एवढी वर्षं काढली, पण रायफल कधी घरी आली? काम संपलं की ती कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात जमा. चांदमारीनंतर, म्हणजे नेमबाजीच्या सरावानंतर, काडतुसांची रिकामी खोकीसुद्धा मोजून परत. एक कमी भरलं तर सगळे गवतात शोधत बसायचे, हे त्यांनीच आपल्या पडवीत बसून सांगितलंय. ज्याचा हा पेशा, त्याच्यावर एवढा पहारा. आणि टेक्सासात अठरा वर्षांचा पोरगा तसलीच रायफल दुकानातून विकत घेऊन घरी नेतो.

२४ मे २०२२ ला टेक्सासातल्याच युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मारणाऱ्याला नुकतीच अठरा पुरी झाली होती. अशा दोन रायफली त्याने त्याच महिन्यात रीतसर विकत घेतल्या होत्या. बाहेर पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले, तरी त्याला मारायला ७७ मिनिटं लागली. आतल्या रायफलीची धास्ती वाटली, असं त्यांच्यातल्याच काहींनी चौकशीत सांगितलं. काही मुलांची ओळख कपड्यांवरून पटली, हे तिथल्या बालरोगतज्ज्ञाने संसदेच्या समितीपुढे सांगितलं.

आई, दादाची चिऊ तुला व्हिडिओ कॉलवर सांगत होती ना, "बाई लाइट बंद करतात, दार लावतात आणि आम्ही भिंतीला टेकून गप्प बसतो"? तू हसलीस, तुला लपंडाव वाटला. तो सराव आहे गं. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, त्याचा. दुसरीतल्या पोरीला!

दादा म्हणेल, तिथले बहुतेक खून पिस्तुलांनी होतात. खरं आहे, आणि पिस्तुलांसाठीही कडक नियम हवेतच. पण म्हणून युद्धातलं हत्यार बाजारात ठेवायचं काय? १९९४ मध्ये अमेरिकेने अशा रायफलींवर आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आणली होती. आधीच्या रायफली तशाच लोकांकडे राहिल्या, पळवाटाही होत्या. तरी कायदा होता. मुदत दहाच वर्षांची. २००४ च्या सप्टेंबरात ती संपली आणि कुणी वाढवली नाही. २०२२ च्या जुलैत खालच्या सभागृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी नवी बंदी मंजूर केली, ती सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडकली. न्यूझीलंडमध्ये २०१९ च्या मार्चात मशिदींत ५१ माणसं मारली गेली, आणि महिन्याच्या आत तिथल्या संसदेने अशा बहुतेक बंदुकांवर बंदी घातली. मनावर घेतलं तर होतं.

बाबा, माझं बोलणं दादा "तुला तिकडचं काय कळतंय" म्हणून उडवून लावतो. तुमचं ऐकेल. बंदूक बाळगणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर तर नक्कीच. रायफल घेऊ नको, एवढ्यावर थांबू नका. तो आता तिथला नागरिक आहे, मत देतो. त्याने आपल्या सिनेटरांना पत्र लिहावं: या रायफलींची आणि मोठ्या मॅगझिनची विक्री बंद करा, आणि ते होईपर्यंत निदान वयाची अट तरी एकवीस करा. रविवारी त्याचा फोन आला की स्पीकर लावा. आईलाही बोलू द्या.

तुमची,
वैशाली