ईस्टरनंतर सुटणारा नेम

महोदय,

ईस्टर होऊन तीन आठवडे झाले. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, आमच्या वसईत घरोघरी जे संकल्प केले गेले, कोणी मांसाहार सोडला, कोणी रोजच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जाण्याचे ठरवले, कोणी रात्रीच्या मालिका बंद केल्या, त्यांतील बहुतेक ईस्टरच्या जेवणाबरोबरच संपले. हे मी दुसऱ्या कोणावरून नव्हे, माझ्याच घरावरून लिहीत आहे. त्या चाळीस दिवसांच्या तपाविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु उरलेल्या सव्वातीनशे दिवसांत आपण ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून नेमके कसे जगणार, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी ठरवलेले असते, आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

मराठीत यासाठी ‘नेम’ हा जुना शब्द आहे. वारकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. महिन्याच्या दोन एकादश्या आणि आषाढी-कार्तिकीची वारी यांनी त्याचे सारे वर्ष बांधलेले असते. ख्रिस्ती परंपरेतही असा नेम प्राचीन काळापासून आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीतील माँटे कॅसिनो येथील मठासाठी लिहिलेली ७३ प्रकरणांची नियमावली आजही अनेक मठांत पाळली जाते. तिचे ४९वे प्रकरण उपवासकाळाविषयी आहे. मठवासीयाचे अवघे आयुष्यच उपवासकाळासारखे असावे, असे सांगून ते लगेच मान्य करतात की एवढे बळ थोड्यांच्याच अंगी असते. शिवाय प्रत्येकाने आपण काय सोडणार आणि काय करणार हे आधी मठाधिपतींना सांगावे व त्यांच्या संमतीनेच करावे, असाही त्यांचा दंडक आहे, कारण कोणालाही न विचारता केलेल्या तपाचे रूपांतर अहंकारात होते. माझे स्वतःचे अनेक संकल्प का मोडले, याचे उत्तर मला येथे मिळाले: ते माझ्या कुवतीपेक्षा मोठे होते आणि माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते.

पहाटे लोकल पकडणाऱ्याने मठातला नियम कसा पाळावा, असे कोणी विचारील. त्याच नियमावलीचे पुढचे प्रकरण दूर शेतावर काम करणाऱ्या आणि प्रवासात असलेल्या बांधवांसाठी आहे. त्यांनी प्रार्थनेची वेळ झाली की असतील तेथेच, जमेल तशी प्रार्थना करावी, पण ती वेळ चुकवू नये, असे बेनेडिक्ट सांगतात. हे वाचल्यापासून गाडी नायगाव सोडून खाडीच्या पुलावर आली की मी मोबाइल खिशात ठेवतो आणि भाईंदर येईपर्यंत एक स्तोत्र मनातल्या मनात म्हणतो. गर्दीत हात जोडण्यापुरतीही जागा नसते, आणि तरीही गेली चार वर्षे हा नेम टिकला आहे.

संसारी माणसांनी असा नेम पाळल्याची उदाहरणे प्रॉटेस्टंट बांधवांकडेही आहेत. इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये आपल्या मेथडिस्ट चळवळीतील मंडळ्यांसाठी तीन साधे नियम घालून दिले: कोणाचे वाईट करू नये, होईल तितके भले करावे, आणि उपासना, प्रभुभोजन, शास्त्रवाचन, उपवास ही साधने सोडू नयेत. सुमारे बारा जणांचा एकेक गट असे, आणि गटाचा प्रमुख दर आठवड्याला प्रत्येकाची विचारपूस करी. मला वाटते, नियमांइतकेच महत्त्व त्या विचारपुशीला होते.

नेम प्रार्थनेपुरता ठेवला तर मात्र तो अपुरा राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पगारातला किती भाग पहिल्या तारखेलाच गरजूंसाठी बाजूला निघेल, जेवताना मोबाइल कोठे राहील, रविवारची दुपार कोणत्या आजारी नातेवाइकाकडे जाईल, घरकाम करणाऱ्या बाईंशी आपण कोणत्या स्वरात बोलू, हेही त्यात लिहिलेले असावे. मठातली भांडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळावीत, असे बेनेडिक्ट यांनी कोठाराच्या कारभाऱ्याला बजावले होते, ते याच दृष्टीने. माझा नेम पाच ओळींचा आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एका शेजाऱ्यासोबत बसून मी तो वाचतो. त्यातल्या दोन ओळी गेल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून खोडल्या, कारण त्या वडिलांच्या आजारपणात पाळणे शक्य नव्हते.

आमच्या धर्मगुरूंना माझी नम्र विनंती आहे की त्यांनी विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात एक तास यासाठी राखावा. नव्या जोडप्याने पहिल्या वर्षासाठी चार-पाच ओळींचा नेम एकत्र बसून लिहावा, आणि वर्षाने धर्मगुरूंनी त्यांच्या घरी जाऊन तो त्यांच्याबरोबर पुन्हा वाचावा.

आपला,
एक वाचक, वसई